बाथरूमला लाकडी फरशी हवीय? आधी बादली ओतून बघा

आपलं बाथरूम म्हणजे बादली-तांब्या आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी. परदेशी कोरड्या बाथरूमचे फोटो बघून लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीच्या पट्ट्या, आणायला निघू नका.

लॅमिनेटच्या पोटात लाकडाचे तंतू दाबून केलेला एचडीएफ असतो. सांध्यातून पाणी शिरलं की कड फुगते आणि ती परत बसत नाही. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ते बहुधा सांडलेलं पाणी पुसेपर्यंतच. नमुन्याचा तुकडा रात्रभर बादलीत टाका, सकाळी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवा. दुकानदार हसेल, हसू दे.

सागवानाची हौस असेल तर उचलता येणारा पाट करून घ्या आणि रोज भिंतीला उभा करून वाळवा. एसपीसी, म्हणजे चुनखडी आणि पीव्हीसीची पट्टी, फुगत नाही. पण खाली गेलेलं पाणी तिथेच कुजतं. ती काचेच्या पार्टिशनबाहेर, बेसिनपाशी ठीक.

नळाखाली लाकडी रंगाची व्हिट्रिफाइड टाइलची पट्टीच. मॅट, आणि पाय न घसरण्याचा जो 'आर' दर्जा असतो तो आर १० च्या खालचा नको.

आता खरी डोकेदुखी: ढाळ. माझ्याच घरी पाणी जायची जाळी कोपऱ्यात होती, ढाळ दोन बाजूंनी. त्यावर चार फुटी पट्ट्या लावून घेतल्या. ढाळ मोडतो तिथे जमीन वळते, पट्टी वळत नाही. एक टोक ठेच लागेल इतकं वर आणि मधोमध डबकं. सगळं फोडलं.

म्हणून जाळी भिंतीलगत लांब पट्टीसारखी घ्या आणि ढाळ एकाच दिशेला द्या, चार फुटाला साधारण १५ मिलिमीटर. 'थोडा ढाळ देतो साहेब' यावर विश्वास नको, स्वतः लेव्हल लावा. जाळीची जागा बदलता येत नसेल तर लांब पट्टीचा नाद सोडा, लहान फरशी घ्या.

दुसरी खोड: मिस्त्री विटेसारखा सांधा अर्ध्यावर घेतो. लांब फरशी मध्यभागी किंचित फुगीर असते, त्यामुळे शेजारचीचं टोक नेमकं तिच्या उंचवट्याशी येऊन खाली बसतं. सांधा फरशीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त सरकवू देऊ नका. एक ओळ कोरडी मांडून बघा, मगच माल कालवायला सांगा.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी कोंडून ठेवा. सांध्यांत भरायला इपॉक्सी ग्राउट.

मिस्त्रीचा शेवटचा हप्ता हातात देण्याआधी कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता, चहा घेऊन या, आणि अनवाणी फिरून बघा.