परमिट रूमच्या स्टाफला जबाबदारीने दारू द्यायला कसं शिकवायचं

"जास्त झालेल्याला दारू देऊ नकोस" एवढं वेटरला सांगून भागत नाही. ते त्याला आधीच माहीत असतं. रात्रीचे साडेदहा, सगळी टेबलं भरलेली, आणि समोरचा साहेब म्हणतोय, "अजून एक साठ, पटकन." अशा वेळी नाही कसं म्हणायचं आणि म्हटल्यावर आपल्या पाठीशी कोण उभं राहणार, हे त्याला माहीत नसतं. प्रशिक्षण त्यासाठी द्यायचं.

एका आठवड्यात ४५ मिनिटांच्या चार बैठका ठेवा. दुपारचं जेवण आटोपल्यावर साडेतीनची वेळ सोयीची पडते. वेटर आणि बारमनबरोबर कॅप्टन (वेटरांचा प्रमुख), कॅशियर, दारावरचा माणूस आणि गाड्या लावणारा पोरगाही बसला पाहिजे, कारण गिऱ्हाईक आत येताना आणि बाहेर पडताना शेवटी तेच दोघं बघतात. स्टाफमध्ये उडपी, ओडिशा, बिहार, नेपाळकडची मुलं असतील तर बोलणं हिंदीतून करा. एका वेळी सहा-आठ जणांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर मागचे नुसते मान डोलावतात.

पहिली बैठक मापाची. टेबलावर स्टीलचा पेग मेजर, चार-पाच ग्लास आणि चहाच्या रंगाचं पाणी ठेवा. प्रत्येकाला मेजर न वापरता, नुसत्या अंदाजाने "साठ", म्हणजे ६० मिली, ओतायला सांगा आणि मग सगळ्यांसमोर ते मापा. कुणाचे सत्तर भरतील, कुणाचे पन्नास. रोज रात्री हात हाच असतो, हे डोळ्यांनी दिसलं की मेजर का सोडायचा नाही हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग मोजायचं एकक ठरवा. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या ३० मिलीमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. याला एक रेघ म्हणा. साठ म्हणजे दोन रेघा, नाइंटी म्हणजे तीन, १८०ची क्वार्टर म्हणजे सहा. खरा घोटाळा बिअरमध्ये होतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली चार रेघांची असते. ५ टक्क्यांची माइल्ड अडीच रेघांची, स्ट्राँगचा ३३० मिलीचा पाइंट दोनचा, १५० मिली वाइन दीड रेघेची. स्ट्राँगची रिकामी बाटली आणि तिच्या शेजारी तीस-तीसचे चार भरलेले ग्लास असं मांडून दाखवा. "दोन बिअरच तर घेतल्यात" म्हणणाऱ्या टेबलाकडे स्टाफ त्यानंतर वेगळ्या नजरेने बघतो. कॉकटेलच्या रेघा बारमनने रेसिपीवरून आधीच काढून काउंटरमागे लिहून ठेवाव्यात.

शरीर एका रेघेइतकी दारू जिरवायला साधारण तासभर घेतं. कॉफी, लिंबूपाणी, ताक, तोंडावर गार पाणी, यातल्या कशानेही तो तास कमी होत नाही. पोटात अन्न असेल तर दारू रक्तात हळू उतरते, पण नाहीशी होत नाही. घेतलेल्या पेगचा पुरता अंमल चढायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. बिल देताना नीट बोलणारा माणूस पार्किंगमध्ये झोकांड्या खातो तो त्यामुळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. ७० किलोच्या माणसाने उपाशीपोटी पटकन दोन रेघा घेतल्या तरी ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून "एवढ्यावर गाडी चालवता येते, साहेब" हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

दुसरी बैठक दारातली. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, वाइन आणि माइल्ड बिअरसाठी २१. स्ट्राँग बिअर आपल्या बारच्या नियमात २५च्याच रांगेत धरा. गोव्यात मर्यादा २१ची असल्याने "तिकडे तर देतात" हा वाद दर आठवड्याला होणार, त्याची तयारी हवी. वय डोक्यात मोजायला लावू नका. रोज संध्याकाळी दाराशी पाटीवर तारखा लिहा. समजा आज १० जून २०२६ आहे, तर पाटीवर "व्हिस्की: जन्म १० जून २००१ किंवा आधी. माइल्ड बिअर-वाइन: १० जून २००५ किंवा आधी." तिशीच्या आतला वाटेल त्याचं ओळखपत्र बघायचंच. दारू पिण्याचा एक दिवसाचा ५ रुपयांचा परवाना लिहिताना ते आपसूक मागता येतं. जुन्या काही आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष असतं, तेव्हा लायसन्स किंवा पॅन कार्ड मागा. मोबाइलच्या गॅलरीतला फोटो चालवू नका, डिजिलॉकर समोर उघडायला सांगा.

घोळ होतो तो मिश्र वयाच्या टेबलावर. मोठा भाऊ मागवतो आणि ग्लास सरकतो धाकट्यापुढे. म्हणून किती जणांना दारू द्यायची हे पहिल्याच ऑर्डरला ठरवा आणि तेवढेच ग्लास लावा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा दारू देणाऱ्या ठिकाणांच्या मालक-मॅनेजरांनाही अटक झाली. हे स्टाफला सांगा, पण पोलिसांच्या भीतीसाठी सांगू नका. ते दोघं घरी पोहोचायला हवे होते, म्हणून सांगा.

तिसऱ्या बैठकीत बीओटीवर, म्हणजे बारच्या ऑर्डरच्या स्लिपवर, रेघा मारायला शिकवा. स्लिपच्या कोपऱ्यात पहिल्या पेगची वेळ आणि ज्याच्यापुढे ग्लास ठेवला त्याच्या नावापुढे रेघा. नाव म्हणजे खूण: "चष्मा", "निळा शर्ट", "खिडकी". टेबलाच्या एकूण रेघा काही कामाच्या नाहीत, चौघांपैकी एकटाच निम्मं पीत असतो. चौथी रेघ पडली की कॅप्टनने टेबलापाशी जायचंच. पाणी भरायचं, जेवणाचं विचारायचं, दोन वाक्यं बोलायची. माणूस कसा बोलतोय हे तेव्हाच कळतं. रेघा कमी असूनही जीभ जड झालेली दिसते, कारण कुणी घरून पिऊन येतं, कुणी झोपेची गोळी घेतलेली असते. त्यामुळे रेघ आणि लक्षण यातलं जे आधी येईल ते मानायचं.

लक्षणं नुसती सांगू नका, कॅप्टनला करून दाखवायला लावा: आवाज चढणं, तेच वाक्य तिसऱ्यांदा, सुट्टे पैसे मोजता न येणं, सिगारेट उलटी पेटवणं, शेजारच्या टेबलाशी उगाच सलगी. एक सावधगिरी मात्र हवी. साखर उतरलेला मधुमेही किंवा अर्धांगाचा झटका येऊ घातलेला माणूसही अडखळतो, बरळतो. दोनच रेघा झालेला माणूस अचानक असा वागला तर दारू समजून सोडून देऊ नका.

मोजणी बिघडते ती ठरावीक ठिकाणी. ग्लास अर्धा असताना वरून भरला की हिशेब गेला. क्वार्टर किंवा खंबा (पूर्ण बाटली) टेबलावर ठेवला की वेटरचा ताबाच सुटतो, त्यामुळे बाटली बाजूला वेटरच्या सामानाच्या टेबलावर ठेवायची आणि ओतायचं वेटरनेच. प्रत्येक पेगबरोबर पाण्याचा भरलेला ग्लास, न मागता. चखण्यात नुसते खारे दाणे आणि मसाला पापड दिलं तर तहान वाढते आणि पोट रिकामंच राहतं. उकडलेली अंडी, पनीर, चिकन असं काहीतरी आधी सुचवा.

चौथी बैठक नाही म्हणण्याची, आणि ती उभ्याने, नाटक केल्यासारखी घ्या. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने वेटर. वेटरचं काम आधी फक्त वेग कमी करण्याचं: "साहेब, जेवण लावायला सांगू? तोवर पाणी आणतो." पक्कं नाही मात्र कॅप्टन किंवा मॅनेजरच म्हणेल, वेटर नव्हे. "तुम्हाला चढलीय" हे शब्द वर्ज्य. खोटं कारणही नको. "स्टॉक संपला" म्हटलं आणि शेजारच्या टेबलावर तीच बाटली उघडली की भांडण पेटलंच. त्या टेबलावरचा शुद्धीवर असलेला मित्र हेरून त्याला बाजूला घ्या, मग टेबलाशी वाकून, हळू आवाजात:

"साहेब, आजच्याला आता दारू देता येणार नाही. जेवण गरम आहे, लगेच लावतो. घरी जायला गाडी मी बोलावून देतो."

"पैसे नाहीयेत का माझ्याकडे?"

"पैशाचं नाहीच साहेब. उद्या या, मी स्वतः टेबल ठेवतो."

तेच वाक्य तीनदा, त्याच आवाजात. नवी कारणं देत गेलात की वाद वाढतो. अंगाला हात लावायचा नाही, आणि दुसरा माणूस चार पावलांवर उभा हवा. बारमनला लगेच खूण जायला हवी, नाहीतर तोच साहेब काउंटरवर जाऊन साठ घेतो. हे फार ठिकाणी घडतं.

चावी पार्किंगवाल्याकडे असेल तर कॅप्टनला विचारल्याशिवाय ती परत द्यायची नाही. बाइकवाल्यांची चावी त्यांच्याच खिशात असते, म्हणून त्यांच्याशी जाण्याचं बोलणं जेवतानाच करा: बाइक रात्रभर इथेच राहू दे, सकाळी घेऊन जा. चावी हिसकावू नका. तरी निघालाच तर ११२ लावा आणि गाडीचा नंबर सांगा.

टेबलावर डोकं टेकून झोपलेल्याला "झोपू दे" म्हणून सोडू नका. हाक मारा, खांदा हलवा. उठत नसेल, अंग गार आणि ओठ निळसर असतील, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड असेल, तर लगेच १०८. कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. गाडी येईपर्यंत एक जण त्याच्याजवळच बसेल.

मालकाने करायची एक गोष्ट राहते, आणि तिच्यावाचून बाकी सगळं वाया जातं. ज्या वेटरची टीप बिलाच्या आकड्यावर अवलंबून आहे, तो नाही कसं म्हणेल? टीप एकत्र करून वाटा. बाटल्या खपवण्यावर बक्षीस ठेवू नका. कॅप्टनने नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक मालकाला फोन लावतं, आणि मालक "दे रे एक, आपला माणूस आहे" म्हणाला तर त्या रात्रीपासून स्टाफ पुन्हा कधी नाही म्हणत नाही.

काउंटरवर एक वही ठेवा: तारीख, टेबल, वेळ, किती रेघा, कुणी थांबवलं, माणूस घरी कसा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच मिनिटं ती सगळ्यांसमोर वाचा, आणि प्रत्येक नोंदीला एकच विचारा: चौथ्या रेघेला टेबलापाशी कोण गेलं होतं?