बर्गंडीच्या वाइनसाठी जायचंय? आधी ईमेल, मग हॉटेल

फ्रान्समधल्या बर्गंडीची सहल फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. लोक विमान, हॉटेल, भाड्याची गाडी सगळं महिनोन्महिने आधी ठरवतात आणि वाइनचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’वर सोडतात. नाशिकला हे खपतं. गंगापूर धरणाच्या बाजूला गाडी वळवली, टेस्टिंगचे पैसे भरले, काम झालं. बर्गंडीत तुम्ही असेच गेलात तर बंद फाटकं बघून परत याल आणि शेवटी तिथल्या बोन गावाच्या चौकातल्या दुकानात, जी बाटली पॅरिसलाही मिळते तीच विकत घ्याल.

तेव्हा क्रम उलटा करा. शेंगेन व्हिसा, तीस हजार युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा, विमानाचं तिकीट या गोष्टी तुम्हाला जमतात, त्यावर मी शाई घालवत नाही.

बर्गंडी मोठी आहे. शाब्ली उत्तरेला, माकों पार दक्षिणेला. पहिल्या खेपेला फक्त कोत-दोर करा: दिजोंपासून सांतनेपर्यंत साधारण पन्नास किलोमीटरची, रुंदीला जेमतेम एक-दोन किलोमीटरची द्राक्षमळ्यांची पट्टी. लाल वाइन पिनो न्वारची, पांढरी शार्दोनेची. मुक्काम बोनला. पॅरिसच्या गार द लियोंहून दिजोंपर्यंत तेजेव्हे ही वेगवान रेल्वे दीड तासाच्या आसपास, पुढे लोकल गाडीने वीसेक मिनिटं.

हंगामाबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो: सप्टेंबरात जा, द्राक्षतोडणी बघायला मिळते. अजिबात जाऊ नका. तोडणीच्या दिवसांत बागायतदाराला जेवायला फुरसत नसते, तो तुम्हाला कुठे तळघर दाखवणार? त्यानंतरचे काही आठवडे रस आंबत असतो, तेव्हाही तेच. ऑगस्टात अर्धा फ्रान्स सुट्टीवर असतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी ऑस्पिस द बोन या जुन्या इस्पितळाचा वाइन-लिलाव असतो, त्या आठवड्यात खोल्यांचे भाव विचारू नका. मे-जून उत्तम. फक्त मे महिन्यात १ आणि ८ तारखेची सुट्टी, शिवाय ईस्टर धरून चाळिसाव्या दिवसाची गुरुवारची सुट्टी असते, हे पंचांग आधी बघा.

आता मुख्य काम. भेटीच्या वेळा.

त्या इतक्या कठीण का, हे आधी समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च आणि मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वारसा सारखा वाटला जाऊ लागला, आणि मळ्यांचे तुकडे होत गेले. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखीच गत. क्लो द व्हूजो हा भिंतीआडचा एक मळा, जेमतेम पन्नास हेक्टरचा, आणि त्याचे मालक ऐंशीच्या घरात. त्यातल्या एखाद्याच्या वाट्याला वर्षाला एक-दोन पिंपं येतात. पिंप २२८ लिटरचं, म्हणजे साधारण तीनशे बाटल्या, आणि त्या बहुधा जुन्या गिऱ्हाइकांत आधीच वाटल्या गेलेल्या असतात. त्या माणसाकडे ना स्वागतकक्ष असतो ना विकायला माल. जो सकाळी ट्रॅक्टर चालवतो तोच रात्री ईमेल बघतो.

म्हणून नाव बघून गाव निवडू नका. व्होन-रोमाने, झव्रे-शांबेर्तां ही नावं सगळेच लिहितात. रोमाने-कोंतीचा प्रसिद्ध मळा रस्त्यावरून बघा, १.८ हेक्टर, कडेला दगडी क्रूस, आणि आत पाऊल टाकू नका अशी विनंती करणारी पाटी. ती पाळा. भेटीसाठी मात्र साव्हिन्यी-ले-बोन, मोंतली, ओसे-द्युरेस, सें-तोबां, सांतने, मार्साने अशी गावं धरा. वाइन चोख, भाव सोसणारे, आणि माणसांना बोलायला वेळ असतो.

ईमेल सहा ते आठ आठवडे आधी, फ्रेंचमध्ये. भाषांतराचं ॲप चालेल, पण वाक्यं आखूड ठेवा. आम्ही दोघं किंवा चौघं येतोय (आठ जण असाल तर मोठ्या कंपनीची पैसे भरून करायची सफर घ्या, इथे वेळ घालवू नका). या दोन तारखांपैकी कोणतीही चालेल, सकाळी किंवा दुपारी. तुमची अमुक वाइन आम्हाला जाणून घ्यायची आहे. आवडली तर काही बाटल्या घेऊन जाऊ. बस. ‘आम्ही वाइनचे मोठे शौकीन आहोत’ हे लिहू नका, ते सगळेच लिहितात. ग्रां क्रू, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची वाइन, चाखायला मिळेल का, हेही विचारू नका. एकच मजकूर दहा जणांना एकत्र पाठवणाऱ्यांना उत्तर येत नाही, आणि येऊही नये.

आठ-दहा दिवस उत्तर नाही आलं तर फोन करा. तिथले पावणेबारा ही चांगली वेळ, माणूस मळ्यातून घरी आलेला असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा सव्वातीन होतात. ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय पुढचा शब्द बोलू नका.

दिवसाला दोनच भेटी: एक दहाला, एक अडीचला. ‘एका दिवसात पाच तळघरं’ विकणाऱ्या मिनीबसवाल्यांच्या नादी लागलात तर तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर आणि चौथ्या ठिकाणचं काहीही आठवत नाही. बारा ते दोन गाव जेवायला बंद. रविवार सोडून द्या. तो दिवस ऑस्पिसमधलं रोखीर व्हान डेर वायडनचं ‘अंतिम न्याय’ हे चित्र बघायला ठेवा. दोन दिवस आधी पुन्हा एक ओळ टाकून वेळ पक्की करा, आणि जमत नसेल तर तसं कळवा. न कळवता दांडी मारणारे पाहुणे पुढच्या भारतीय आडनावाचं दार बंद करून जातात.

तळघरात मे महिन्यातही स्वेटर लागतो. अत्तर नको. मालक पिंपाचं बूच काढतो, काचेची लांब नळी आत सोडतो, वरचं टोक अंगठ्याने दाबून धरतो आणि तुमच्या ग्लासात दोन घोट सोडतो. खाली खडी असेल तर तो स्वतः तिच्यावरच थुंकेल. तुम्हीही थुंका, यात काही असभ्य नाही. गिळत बसलात तर सहाव्या पिंपाला चव कळणार नाही. ग्लासात उरलेलं ओतून देण्याआधी त्याच्याकडे बघा, पुष्कळदा तो ते परत पिंपात घालतो. लाल आधी आणि पांढरी नंतर मिळाली तर चकित होऊ नका, इथे तशीच रीत आहे. निघताना दोन-तीन बाटल्या घ्याच. फुकट चाखून हात हलवत निघायचं नसतं.

फिरायला सायकल. बोनहून पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे करत सांतनेपर्यंत मळ्यांमधून सायकलवाट आहे, वीस-बावीस किलोमीटर. गाडी चालवणार असाल तर रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे चालवणाऱ्याने थुंकायचंच.

शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवा की अंडं लाल वाइनच्या रश्शात शिजवतात त्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, मेन्यूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. अंडं चालत असेल तर गुजेर, म्हणजे चीज घातलेले फुगीर गोळे, मागा, आणि आणखी काही नाही तरी एपवास चीज आणि पाव. त्याचा वास खोलीत नेऊ नका.

परतताना भारतात माणशी दोन लिटर दारू बिनशुल्क आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. उरलेल्या जागेत ३७५ ची अर्धी बाटली बसते, ती बागायतदाराकडे असते का हे त्या पहिल्या ईमेलमध्येच विचारून ठेवा.