गाण्याखालचे कॉर्ड बदलताय? आधी या चुका टाळा

एरंडवण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये भूप रागातलं भजन चालू होतं. जी सेव्हन या कॉर्डच्या जागी मी कीबोर्डवर डी फ्लॅट सेव्हन टाकला आणि गाणाऱ्या ताईंनी गाता गाताच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसा चेहरा झाला होता. हाच कॉर्ड मी आठवडाभर घरी घोटला होता आणि घरी तो काय सुंदर वाजत होता! पण घरी तानपुरा लावला नव्हता.

पुण्यात जॅझचं वेड असलेल्या कीबोर्डवाल्यांपैकी माझ्यासारखे बरेच जण मुळात पेटीवाले. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार कार्यालयात संगीताचा कार्यक्रम नाहीतर भावगीतांची साथ, आणि जमलंच तर कोरेगाव पार्काच्या बाजूला कुठेतरी जॅझ. भेटलो की चहावर विषय दोनच: कुठे कोणता कॉर्ड बसवला, आणि नवीन कीबोर्ड कोणता घेतला. त्या गप्पांतून आणि स्वतःच्या फजितीतून जे साठलं ते इथे मांडतो.

तानपुरा चालू असताना ट्रायटोन सबस्टिट्यूशन

ट्रायटोन सबस्टिट्यूशन म्हणजे सा-कडे ओढणाऱ्या डॉमिनंट कॉर्डच्या जागी तीन पूर्ण सुरांवरचा तसाच कॉर्ड घालणं. सी हा सा धरू. जी सेव्हनमध्ये प, नी, रे, म येतात. डी फ्लॅट सेव्हनमध्ये कोमल रे, म, कोमल ध आणि शुद्ध नी. दोन्हींत म आणि नी सारखे. डॉमिनंटची सगळी ओढ याच दोन स्वरांच्या अंतरात असते, म्हणून एकाच्या जागी दुसरा कॉर्ड खपतो. पुस्तकं इथवर सांगतात, पण पुस्तकात तानपुरा नसतो. जी सेव्हन वाजवताना वाजत राहिलेल्या सा-ला नी फक्त खालून खेटतो, आणि नी आता सा-वर जाणार हे कानाला ठाऊक असल्यामुळे तो सोसतो. डी फ्लॅट सेव्हनमध्ये मात्र वरून कोमल रे आणि खालून शुद्ध नी. मधे सा चेपला जातो. आणि गाणारा तर त्याच सा-ला धरून उभा असतो.

मग काय करायचं? नी काढा आणि त्या जागी सा-च घाला, म्हणजे डी फ्लॅट मेजर सेव्हन. डॉमिनंटची ओढ कमी होते हे खरं, पण बेसमधली कोमल रे-वरून सा-वर उतरण्याची मजा तशीच राहते. गळ्यात त्या क्षणी सा किंवा प असेल तरच हा कॉर्ड लावा. रे, ग किंवा ध असेल तर लावू नका. ए फ्लॅट मेजर सेव्हन आणि एफ मायनर सिक्स यांच्याही पोटात सा असतो, म्हणून तेही तानपुऱ्यावर शांत बसतात. पण दोन्हींत कोमल ध आहे आणि भूपातला ध शुद्ध. गळ्यात शुद्ध आणि बोटांत कोमल अशी गाठ पडली की रसिक तुमच्याकडे बघणार नाहीत, ते सरळ आयोजकांकडे बघतील. डी सेव्हन लावला तर तीव्र म येतो आणि भूप यमनकडे झुकतो. काही गायकांना ते आवडतं, काहींना अजिबात नाही. तालमीत विचारून घ्या.

कॉर्ड आधी ठरवणं आणि सूर नंतर तपासणं

आपण सगळे हे करतो. एखादी कॉर्डमाला कुठेतरी ऐकलेली असते, हाताला बसलेली असते, आणि मग ती घालायला गाणं शोधलं जातं. उलटं करा. चालीतला एकच लांब सूर घ्या, समजा ग. उजव्या हाताच्या करंगळीनं तो धरून ठेवा आणि डाव्या हातानं खाली एकेक कॉर्ड बदलत जा. कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजलं तर सी मेजर सेव्हनवर ग तिसरा, ए मायनर सेव्हनवर पाचवा, एफ मेजर सेव्हनवर सातवा, डी मायनर सेव्हनवर नववा, बी फ्लॅट मेजर सेव्हनवर शार्प अकरावा आणि जी सेव्हनवर तेरावा. सूर तोच, पण दर वेळी खोलीतला उजेड बदलल्यासारखा वाटतो. आता ई फ्लॅट मेजर सेव्हन लावा. दात आंबतील.

दात का आंबतात ते एकदा समजून घेतलं की निम्मं काम होतं. चालीतला सूर कॉर्डमधल्या एखाद्या स्वराच्या अर्धा सूर वर बसला की खरखर होते. डॉमिनंटच्या मूळ स्वरावरचा फ्लॅट नाइन (मूळ स्वराच्या अर्धा सूर वरचा) हा त्याला ठळक अपवाद, कारण तिथे ती खरखर आपल्याला हवीच असते. नवीन कॉर्ड सुचला की एवढंच तपासा: गळ्यातला सूर कुणाच्या डोक्यावर अर्ध्या सुरानं बसलाय का? हा व्यायाम रोज दहा मिनिटं केला तर तयार कॉर्डमालांचे व्हिडिओ बघायची गरज आपोआप कमी होते. मी तरी ते बघणं सोडलंय. (जवळजवळ.)

बेसवाल्याला न सांगणं

गंमत अशी की जी सेव्हनच्या जागी तुम्ही डी फ्लॅट सेव्हन वाजवला आणि बेसवाला जी-वरच राहिला तर फारसं बिघडत नाही. दोन्ही मिळून फ्लॅट फाइव्ह आणि फ्लॅट नाइनवाला जी सेव्हन ऐकू येतो. उलट, बेसवाला डी फ्लॅटवर गेला आणि तुम्ही जी थर्टीन्थ धरून बसलात तरी निभावतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गैरसमज इथूनच सुरू होतो: एकदा निभावलं म्हणजे नेहमीच निभावेल. पुढच्या वेळी आपण आख्खी जोडी बदलतो, म्हणजे डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हनच्या जागी ए फ्लॅट मायनर सेव्हन आणि डी फ्लॅट सेव्हन. बेसवाला बिचारा डी-वर. ए फ्लॅट मायनरमधले ई फ्लॅट आणि जी फ्लॅट त्या डी-वर असे पडतात की दोघांपैकी एकाला गाणंच येत नाही असं वाटावं.

गिटारवाला असेल तर आणखी पंचाईत. दोघंही एकाच मात्रेत आपापली कल्पकता दाखवायला निघतात. आम्ही आता पहिला अंतरा एकानं आणि दुसरा दुसऱ्यानं भरायचा असं ठरवून टाकलंय. भांडणं बंद झाली आणि गाण्यात हवा खेळायला लागली.

डावा हात

ही पेटीवाल्यांची खास चूक. पेटीवर डावा हात भाता मारतो. वर्षानुवर्षं त्याला दुसरं काम नव्हतं. कीबोर्डवर आल्यावर त्याला काहीतरी करायचं असतं, म्हणून तो मंद्रात मूळ स्वर आणि वर तिसरा-पाचवा असा जाड कॉर्ड दाबून बसतो. मधल्या सी-च्या एक सप्तक खाली तिसऱ्याचं अंतर वाजवलं की स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसता गुरगुराट होतो. त्यात बेसवाला तोच मूळ स्वर वाजवत असतो.

उपाय जुना आहे. १९५०च्या दशकाअखेरीस जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या पिढीनं रुळवलेली, मूळ स्वर वगळणारी व्हॉइसिंग, म्हणजे कॉर्डचे स्वर मांडायची पद्धत, वापरा. डी मायनर सेव्हनसाठी एफ, ए, सी, ई. तिथून जी सेव्हनला जाताना फक्त सी-चा बी करा: एफ, ए, बी, ई. मग सी मेजर सेव्हनसाठी ई, जी, बी, डी. हे सगळं मधल्या सी-च्या आसपासच ठेवा. पहिल्या बदलात एकच बोट हललं, बघितलंत? भात्याच्या हाताला एवढं झेपतं. बेसवाला नसेल तर मूळ स्वर वाजवा, पण सुटा, एकटा, आणि मग वर जा.

गांधाराशी भांडण

तानपुऱ्यावर गाणारा माणूस शुद्ध ग लावतो तो सा-पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). आपल्या कीबोर्डचा ग ४०० सेंटवर. फरक १४ सेंटचा, आणि लांब सुरात तो स्पष्ट ऐकू येतो. अशा ठरीव सुरांवरूनच आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं होतं, तेव्हा हा वाद काही आपल्यापासून सुरू झालेला नाही. कीबोर्डवाला चूक करतो ती अशी: गायक ग-वर थांबला की तोही जोरात ग असलेला कॉर्ड धरतो, तोही स्ट्रिंग पॅडमध्ये, म्हणजे तो हलत राहतो आणि विरतच नाही. गायक ग धरून असेल तेव्हा तुमच्या कॉर्डमधला ग काढून टाका. सा, प, रे पुरे. आवाज पियानोचा किंवा ऱ्होड्ससारख्या इलेक्ट्रिक पियानोचा ठेवा, म्हणजे तो लवकर विरतो आणि भांडण लांबत नाही. अप्पा जळगावकरांची पेटीची साथ या कानानं ऐकून बघा. कुठे वाजवलं नाही तेही मोजा.

दर मात्रेला कॉर्ड बदलणं या चुकीबद्दल वेगळं लिहीत नाही. ती ऐकणाऱ्यालाच कळते.

आता यंत्रं

ट्रान्सपोजचं बटण. गायिकेची पट्टी काळी चार, आपण पांढरी एकमध्ये बोटं बसवलेली, बटण दाबलं, काम झालं. पुढचं गाणं दुसऱ्या पट्टीत आणि बटण तसंच! ही फजिती प्रत्येकाची झालेली असते. कमी बोलली जाणारी अडचण वेगळी आहे. काळी चारसाठी अधिक आठ करता येतं किंवा उणे चार. उणे चार केलं की घरी बसवलेला डावा हात गुरगुराटात जातो, आणि अधिक आठ केलं की सगळं पत्र्यासारखं पातळ वाजतं. जॅझमध्ये तर बटण नकोच. बेसवाला 'जी शार्प' असं ओरडतो आणि तुम्हाला बोटांखाली सी दिसतो. बारा पट्ट्यांत हात बसवण्याला दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

सस्टेन पेडल उलटं वागतंय, म्हणजे पाय काढला की सूर लांबतायत? पेडल बिघडलं म्हणून नवीन आणायला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ नका. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल कोणत्या जातीचं आहे ते स्वतः ओळखतात. त्या क्षणी पाय पेडलवर असेल तर ते उलटं समजतात. बंद करा, पाय बाजूला ठेवा, पुन्हा चालू करा. पेडलखाली एखादं छोटं बटण असेल तर तेही बघा.

पियानो हॉलमध्ये पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाजतो आणि हेडफोनवर मात्र झकास? बहुधा तुमचा स्टिरिओ आवाज साउंडवाल्यानं एका चॅनेलमध्ये गोळा केलाय. डाव्या-उजव्या बाजूंच्या लहरी एकमेकींना मधेमधे खाऊन टाकतात. दोन्ही जॅक लावलेत पण त्यानं डावाच घेतलाय, असंही होतं. मग वरच्या पट्ट्या दूर गेल्यासारख्या वाटतात. एकच लाइन मिळणार असेल तर 'एल, मोनो' लिहिलेल्या एकाच जॅकमध्ये वायर लावा आणि उजवा मोकळा ठेवा. मोनो पियानोचा वेगळा आवाज असेल तर तोच निवडा. हे साउंडवाल्या दादांना आधी सांगा, कार्यक्रम सुरू झाल्यावर नाही.

लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं असा आवाज येतो तो बहुतेक वेळा अर्थिंगच्या फेऱ्याचा. डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधला छोटा डबा) घ्या, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची तिसरी पिन मोडणारे महाभाग मी पाहिलेत. २३० व्होल्टशी असला खेळ कृपया करू नका.

लॅपटॉपवरून वाजवताना सूर मागून येत असेल तर बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा, बघा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद, १२८ म्हणजे ३ च्या आत. स्विंगमध्ये हा फरक बोटांना कळतो. ब्लूटूथ हेडफोनवर सराव करत असाल तर बफर कितीही कमी केला तरी उपयोग नाही, वायर लावा.

अडॅप्टर हरवला म्हणून 'पिन बसतेय ना' या निकषावर दुसरा लावू नका. यामाहाच्या बऱ्याच लहान कीबोर्डना १२ व्होल्ट लागतात, मधली पिन पॉझिटिव्ह. काही जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह. कीबोर्डच्या पाठीवरचं छोटं चित्र वाचायला चष्मा लागला तरी वाचा.

पावसाळा संपता संपता एखादी पट्टी कितीही हळू दाबली तरी धाडकन वाजायला लागते, नाहीतर मुकी होते. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या पट्टीवर दोन संपर्कबिंदू असतात. पहिला आणि दुसरा टेकण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. धूळ-दमटपणानं एक बिंदू रुसला की हिशेब चुकतो. हात बसलेला कारागीर कीबोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ते पुसून देतो. आख्खा कीबोर्ड बदलायची गरज नसते. सुती कापडाचं आवरण घाला, प्लॅस्टिकचं नको, त्यात ओल कोंडते.

आणि हेडफोन लावून रात्री बारा वाजता वाजवलं तर कुणाला ऐकू जात नाही, हा समज काढून टाका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं होतं, "रात्री काय कांडता हो तुम्ही?" वजनदार पट्ट्यांचा ठकठकाट स्टँडमधून सरळ फरशीत उतरतो. स्टँडच्या पायांखाली व्यायामशाळेत वापरतात तसली जाड रबराची चटई टाकल्यावर तो बराच कमी झाला. पेडलखाली टाकायला मात्र विसरलो होतो, ते काकूंनीच लक्षात आणून दिलं.