वाडीत माणसं आहेत, हाक मारायला शिका: गावच्या कामाला स्वयंसेवक कसे जमवायचे आणि टिकवायचे

कोकणातल्या आमच्या गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "रविवारी सकाळी ७ वाजता पऱ्यावर बंधारा घालायचाय, सगळ्यांनी यावे ही विनंती". (पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा.) ४३ अंगठे आले, ६ जणांनी हात जोडले, एकाने तर गुलाबाचं फूल पाठवलं. रविवारी पऱ्यावर आम्ही ५ जण, आणि त्यातला एक गुरं पाणी प्यायला घेऊन आलेला, त्याला आम्ही पकडून ठेवला.

मग काय, नेहमीचं. आजकाल कोणाला गावाची पडलेली नाही, पोरं मोबाईलमध्ये, निम्मा गाव मुंबईला. मी पण दोन वर्षं हेच बडबडत होतो. नंतर लक्षात आलं की ह्याच गावात शिमग्याला पालखी नाचवायला खांदे कमी पडत नाहीत, गणपतीत आरतीला माणूस खळ्यात मावत नाही, म्हणजे माणसं आहेत, आपलं बोलावणं चुकतंय. तेव्हापासून जे जे जमलं आणि जे फसलं ते लिहून ठेवतोय. आमचं काम मुख्य म्हणजे वनराई बंधारे (रिकाम्या गोण्यांत माती भरून, त्या रचून पाणी अडवायचं) आणि किनारा सफाई, पण वाचनालय असो, ग्रामस्थ मंडळ असो, पद्धत फार वेगळी नाही.

आधी काम मोजा, मग माणसं शोधा

"गावासाठी काहीतरी करूया" ह्या वाक्याला कोणी येत नाही कारण त्याला सुरुवात पण नाही आणि शेवट पण नाही. उलट असं सांगा: पऱ्या १२ फूट रुंद आहे, बंधारा ३ फूट उंच घालायचाय, त्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या शंभर-सव्वाशे लागतील. दोघं खणायला, तिघं भरायला, एक जण तोंड शिवायला, तिघं वाहायला आणि एक जाणता माणूस गोण्या रचायला, कारण विटांसारखे सांधे चुकवून रचलं नाही तर पाणी सरळ मधून निघून जातं. झाले १० जण. तीन तासाचं काम, १० वाजता घरी. आता तुम्हाला ४३ अंगठे नकोच आहेत, १० माणसं हवीत आणि कोण कुठे उभा राहणार ते पण ठरलंय.

असं मोजून सांगितलं की अजून एक फायदा होतो. ज्याला कंबरेचं दुखणं आहे तो सुई-सुतळी घेऊन बसू शकतो. आमच्याकडे एक आजोबा आहेत, त्यांना वाटायचं आता आपल्याला कोण विचारतो, ते आता गोण्या शिवायला सगळ्यात आधी हजर असतात आणि दुसऱ्याने शिवलेली उसवून परत शिवतात.

कॅलेंडर बघा, पण भिंतीवरचं नाही

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकते. बाहेरून आलेले संस्थावाले तर हमखास चुकतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम लावतात आणि मग म्हणतात प्रतिसाद नाही. अरे पण तेव्हा माणूस शेतात आहे ना! पेरणी, मग लावणी, जुलै संपेपर्यंत कोणाला मान वर करायला वेळ नाही. मग गणपती. मग ऑक्टोबरमध्ये कापणी-झोडणी आणि वरून परतीच्या पावसाची धास्ती. आंबेवाल्यांना मोहर आला की फवारणी आणि राखण, मार्चपासून मे अखेरपर्यंत आंबा-काजूचा सिझन, त्यात मध्ये शिमगा. मच्छीमार वाडीचं गणित आणखी वेगळं, पावसाळी बंदीत जून-जुलैला होड्या वर ओढलेल्या असतात, माणूस घरी असतो, पण तेव्हा समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर काम काढण्यात अर्थ नाही, तेव्हा त्यांना बैठकीला बोलवा, कागदाच्या कामाला बोलवा.

म्हणजे राहिलं काय? भातकापणी संपल्यापासून साधारण डिसेंबर अखेरपर्यंतचा तुकडा. आणि निसर्गाने पण सोय अशी केलीय की बंधाऱ्याचा मोसम तोच आहे, पऱ्याचा जोर कमी झालेला असतो पण पाणी वाहतं असतं. फार आधी घातला तर परतीचा पाऊस वाहून नेतो, उशीर केला तर अडवायला पाणीच नाही. आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेला टँकरची वाट बघतो, कारण जांभ्याची जमीन आणि समुद्राकडे उतार, पाणी थांबतच नाही. हे लोकांना भाषणात सांगावं लागत नाही, विहीर त्यांची आहे. फक्त वेळ त्यांची पाहिजे.

किनाऱ्यावरचं काम असेल तर भरती-ओहोटी बघा. मी एकदा घड्याळ बघून सकाळी ८ ची वेळ दिली, नेमकी भरती, ३० जण वाळूच्या पट्ट्यावर उभे राहून लाटा मोजत बसले आणि पुढच्या वेळी त्यातले १० पण आले नाहीत. तिथी सांगितली की कोळीवाड्यातली शाळकरी पोरं पण ओहोटीची वेळ सांगतील, त्यांना विचारून ठरवा.

जमलेल्या माणसांकडे जा

एकेक माणूस गोळा करत बसू नका. गावात टोळ्या आधीच तयार आहेत. क्रिकेटची टीम आहे, तिला कॅप्टन आहे, तिचा स्वतःचा ग्रुप आहे आणि कॅप्टनने सांगितलं की ११ च्या ११ येतात. बचत गट आहे, ज्यांची बैठक दर महिन्याला न चुकता होते, जे आमच्या कमिटीला आजवर जमलेलं नाही. नमनाचं मंडळ, भजनी मंडळ, शाळेची व्यवस्थापन समिती. ह्यांच्या बैठकीत जाऊन १० मिनिटं मागा. आपल्या बैठकीला त्यांना बोलवू नका, त्यांच्या बैठकीला तुम्ही जा, ह्यात फार फरक पडतो.

मग तोंडाने विचारा, नाव घेऊन. "वहिनी, शनिवारी ७ ते १०, गोण्या भरायला तिघी पाहिजेत, तुम्ही आणि अजून कोण दोघी आणाल?" हा प्रश्न आणि "सगळ्यांनी यावे" हा मेसेज ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि नाही म्हणायला जागा ठेवा. "बघतो" म्हणजे नाही, हे कोकणात सगळ्यांना कळतं, तरी आपण यादीत नाव लिहितो आणि मग रागावतो. मी आता सरळ विचारतो, "बघतो नको दादा, नाही सांग, मी दुसरा बघतो", बऱ्याचदा तेवढ्यावर माणूस येतो.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट. सकाळी ७ ची वेळ म्हणजे पुरुषांची सोय, त्या वेळी चूल, डबे, गुरं सगळं तिच्यावर. आम्ही एक बंधारा दुपारी ३ ला ठेवून बघितला तर बायकांची संख्या पुरुषांच्या वर गेली. आणि आल्यावर त्यांना चहा करायला लावू नका! चहाची पाळी पुरुषांना पण लावा, मी स्वतः करतो, वाईट होतो, पण करतो.

कामाच्या दिवशी

सांगितलेल्या वेळेला तुम्ही तिथे पाहिजेत, किंबहुना अर्धा तास आधी. फावडी, घमेली, टिकाव मोजून आणलेले पाहिजेत, कारण १५ माणसं आणि ३ फावडी असली की १२ जण दगडावर बसून राजकारणावर बोलतात आणि पुढच्या वेळी घरी बसून बोलतात. नवीन माणूस आला की त्याला लगेच एका जुन्याच्या जोडीला द्या. रिकामा उभा राहिलेला नवीन माणूस परत येत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

हातमोजे, गमबूट, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी. पावसाळ्यात किंवा चिखलाच्या पाण्यात काम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाणेरड्या पाण्यातून होणारा ताप) धोका आपल्याकडे खरा आहे, पायाला जखम असलेल्याला पाण्यात उतरवू नका आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नका, चिखलात काम केलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावा. गोण्या उचलताना खाली विंचू-साप असू शकतो, काठीने हलवून मग हात घाला.

आणि पुढाऱ्याने घमेलं उचललं पाहिजे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन स्वतः संडास साफ करायचे, शिकलेला माणूस, त्या काळात. त्यांच्या पंक्तीला आपण बसू शकत नाही पण निदान पांढरे कपडे घालून पऱ्याच्या काठावरून बोट दाखवू नये एवढं जमतं. फोटो काढायचाच तर काम करताना काढा, बॅनर धरून उभे राहून नको, आणि ग्रुपवर टाकताना दोनदा बघा कोणी सुटलं नाही ना. एकदा फोटोच्या खाली नावं लिहिताना मी एकाचं नाव विसरलो, तो माणूस वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

ठरलेल्या वेळी काम थांबवा, अर्धवट असलं तरी. "थोडंच राहिलंय" म्हणून १२ वाजवले की पुढच्या रविवारी घरचेच त्याला सोडत नाहीत.

भांडणं, मानपान आणि पैसा

गाव आहे तिथे वरची वाडी आणि खालची वाडी आहे, आणि त्यांच्यात पालखी आधी कोणाकडे ह्यावरून चार पिढ्यांचं काहीतरी आहे. ते तुम्ही सोडवू शकत नाही, प्रयत्न पण करू नका. दोन्ही वाड्यांना वेगळे बंधारे द्या. आमच्याकडे तर ह्या चढाओढीने काम दुप्पट झालं, खालच्या वाडीने ४ घातले म्हणून वरच्यांनी ५ घातले. नारळ मात्र मानकऱ्याच्या हातून फोडून घ्या, पाच मिनिटं जातात पण पुढची कुरकुर वाचते. फक्त मानपान बघताना ज्यांना कधीच मान मिळत नाही त्यांच्याच हातात फावडं राहतंय का, हे पण बघा. राहत असेल तर ती सेवा नाही, ती जुनीच वेठ आहे.

पैसा अगदी थोडा असला तरी वही ठेवा. सुतळी ८० रुपये, चहा पावडर, बिस्किटं, सगळं. बंधारा झाला की त्याच ग्रुपवर वहीचा फोटो. नोंदणीच्या मागे पहिल्या वर्षीच लागू नका, सात सभासद आणि कागदं लागतात ती नंतर जमतील, काम उभं राहू दे.

आणि मानधन कोणाला, सेवा कोणाची, हे आधी बोला. किनाऱ्यावर कासव संवर्धनात हे नीट दिसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, आधी कासवाची अंडी लोक खायला न्यायचे, आज त्याच गावात कासव महोत्सवाला पर्यटक येतात आणि घराघरात राहतात-जेवतात. पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधायची, एकेका घरट्यात शंभरावर अंडी, ती सुरक्षित जागी हलवायची, मग ४५ ते ६० दिवस राखण. हे रोजचं काम फुकट कोणी किती दिवस करेल? म्हणून कासवमित्रांना मानधन असतं. रोजची, पहाटेची, महिनोन्महिने चालणारी जबाबदारी असेल तर मानधनाची सोय करा, आणि रविवारच्या तीन तासाला पैसे देऊ नका. ह्या दोन्हीची सरमिसळ झाली की फुकट येणारा पण येत नाही.

चाकरमानी

चाकरमानी म्हणजे नोकरीला मुंबईत असलेला गाववाला. ह्यांच्यावर राग काढायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. तो गणपतीला ५ दिवस येतो, त्यात त्याला फावडं देऊन काय मिळणार. त्याला मुंबईत बसून होणारं काम द्या: अर्ज टाईप करणं, कंपनीकडून गोण्या-हातमोजे मागणं, हिशेबाची शीट, पोस्टर. आमची अर्धी कागदपत्रं लोकलमध्ये तयार होतात. एकच अट घाला, तिथे बसून निर्णय घ्यायचे नाहीत, काम गावातला ठरवणार.

एकदम गर्दी झाली तर

हे उलटं संकट. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर चारी दिशांनी माणसं आली, मनाने आली, पण काही ठिकाणी एका गल्लीत शंभर जण आणि पुढच्या गल्लीत एक आजी एकटी चिखल उपसतेय असं चित्र होतं. जुन्या कपड्यांचे ढीग कोणी उचलायचे हे नवीन काम झालं ते वेगळंच. अशा वेळी पहिला माणूस चिखलात नको, टेबलावर पाहिजे. एक वही, एक फोन नंबर, येणाऱ्याचं नाव, त्याला कुठली गल्ली दिली, परत कधी आला. आणि काय नको आहे त्याची यादी आधी बाहेर पाठवा.

येणं बंद झालेला माणूस

सलग दोनदा आला नाही की फोन करू नका, घरी जा. कामाचा विषय काढू नका, चहा घ्या, बसा. बहुतेक वेळा कारण कामाचं नसतंच, कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं, किंवा त्याने सुचवलेलं कोणी ऐकलेलं नसतं, किंवा घरात आजारपण असतं आणि आपल्यालाच पत्ता नसतो. कधीकधी माणूस खरंच दमलेला असतो, त्याला "यंदा सुट्टी घे, पुढच्या वर्षी ये" असं आपण होऊन सांगितलं तर तो पुढच्या वर्षी येतो.

तिसऱ्या वर्षापासून मी एक बंधारा पूर्णपणे पोरांवर सोडतो. जागा ती ठरवणार, माणसं ती बोलावणार, मी फक्त गोण्या वाहायच्या. गेल्या डिसेंबरला त्यांनी जागा चुकवली, मला दिसत होतं, वळणावर घातला तर एका बाजूने माती धुपते. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. पंधरा दिवसांनी बाजू फुटली, तेव्हा ती आठही पोरं मी न बोलावता संध्याकाळी पऱ्यावर होती आणि त्यातला एक मला म्हणाला, "काका, तुम्ही नका येऊ खाली, पाय घसरेल."