कोंबडी रवणाला बसवताय? या चुका टाळा

उबवायला बारा अंडी ठेवली आणि चारच पिल्लं निघाली, की घरात पहिला दोष कोंबडीवर येतो. ‘हिला नीट बसता येत नाही.’ बहुतेक वेळा हा आरोप खोटा असतो. खरोखर खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला तयार झालेली, गावरान कोंबडी 21 दिवस जीव लावून बसते. घोटाळा होतो तो ती बसण्याआधी किंवा पिल्लं निघाल्यावर, आणि ते दोन्ही काळ आपल्या हातात असतात.

अंडी निवडतानाच पिल्लं जातात

दुकानातली पांढरी अंडी उबवायला ठेवू नका. अंड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्यामुळे त्यांत जीव धरत नाही. बाजारातलं गावरान अंडं किती दिवसांचं आणि किती ऊन खाल्लेलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. घरची किंवा ज्यांच्या कळपात कोंबडा फिरतो अशा शेजाऱ्यांची अंडी घ्या. थंडीत आठवडाभरापर्यंतची चालतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मात्र चार-पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं नकोच. ती माठाजवळ, गार सावलीत, निमुळतं टोक खाली करून ठेवा. धुऊ नका. कवचावरचा पातळ थर निघून गेला की आत जंतू शिरतात आणि अंडं सडतं.

एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. हावेपोटी सोळा ठेवली, तर कडेची गार पडतात. कोंबडी अंडी सतत फिरवत असल्यामुळे आज कडेला असलेलं उद्या मध्ये जातं आणि दुसरंच गार पडतं. शेवटी सगळ्याच अंड्यांचं नुकसान होतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रोज एक-एक अंडं खाली सरकवणं. पहिली पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत आई त्यांना घेऊन उठते, आणि मागे राहिलेल्या अंड्यांतली भरत आलेली पिल्लं आतच मरतात. म्हणून सगळी अंडी एकाच दिवशी ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या कोंबड्याही त्याच पाटीत (टोपलीत) येऊन अंडी घालून जातात. खूण नसलेलं अंडं रोज संध्याकाळी काढून घ्या.

कोंबडी मध्येच उठली तर

आधी ती खरंच खुडूक आहे का, ते पाहा. दिवसा बसून रात्री दांडीवर जाणारी कोंबडी अजून तयार नाही. रात्रीही जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते, तीच बसवायची. जागा बदलायची असेल तर अंधार पडल्यावरच उचला. दिवसा हलवलेली कोंबडी पुन्हा जुन्या कोपऱ्याकडे धावते.

चांगली बसलेली कोंबडी अचानक उठू लागली, तर रात्री टॉर्च घेऊन पाटीच्या फटी तपासा. बारीक लाल किडे दिवसा फटीत दडतात आणि रात्री तिचं रक्त पितात. कोंबडी आळशी नसते, तिला ते सहन होत नाही. पाटी बदला, आतलं सगळं जाळून टाका, तिला राखेत लोळू द्या. उसाच्या फवारणीचं उरलेलं औषध मात्र पाटीत कधीही टाकू नका. पाटीत घालायला आपल्याकडे कोल्हापूर भागात उसाचं पाचट (वाळलेला पाला) हाताशी असतं, पण ते कडकडीत वाळलेलं हवं. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात दमट पाचटाला दोन दिवसांत बुरशी येते. तिथे भाताचा सुका पेंढा बरा.

दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं ती दाणापाण्याला उठणारच, त्याने अंडी बिघडत नाहीत. उठतच नसेल तर हळूच उचलून बाहेर ठेवा, पण आधी पंखाखाली अंडं अडकलंय का ते बघा.

सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडात अंडी पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. अगदी निर्मळ दिसणारं काढून टाका. 18 व्या दिवसानंतर हात लावू नका.

सोलून मदत करू नका

कवचाला टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला दिवसभर लागू शकतो. त्या वेळात ते पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि कवचाच्या आतल्या शिरांतलं रक्तही. घाईने सोललं तर रक्त जाऊन पिल्लू दगावतं. त्या बलकावर ते दोन दिवस राहतं, म्हणून आई लगेच उठली नाही तरी घाबरू नका.

निघालेली पिल्लं मरतात ती इथे

खोल भांड्यात पिल्लं बुडतात. पसरट ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढ होत नाही, पहिले काही आठवडे स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार) खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नका. त्यातला जादा चुना त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. आईनेही पिल्लांबरोबर स्टार्टर खाल्लं तर चालतं.

पावसाळ्यात पिल्लं पिसं फुगवून, डोळे मिटून उभी राहिली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर ती रक्ती हगवण. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात औषध विचारा आणि ओलं तूस काढून सुकं टाका. मानमोडीवर (राणीखेत रोगावर) मात्र औषध नाही, लसच आहे. लासोटा नावाची ही लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात टाकतात. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा येतात, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून आणावी, बर्फात आणावी आणि कालवल्यावर लगेच संपवावी.

घार आणि मुंगूस दिवसा येतात, मांजर कधीही. रात्री साप आणि घुशी. मोठ्या भोकांच्या जाळीतून साप सहज आत शिरतो. निदान खालचा हातभर भाग बारीक जाळीचा करा.

दीड-दोन महिन्यांनी आईच पिल्लांना टोचून हाकलू लागते. ती पिसाळलेली नसते, पुन्हा अंड्यावर यायच्या तयारीत असते. त्या दिवसांत पिल्लांना दाण्याचं वेगळं भांडं आणि लपायला एखादा आडोसा द्या.