लग्नाचा व्हिडिओ डीव्हीडीवर टाकायचाय? क्वालिटी अशी सांभाळा

गंगापूर रोडच्या लॉन्सवरचं लग्न शूट होतं फुल एचडीत, आणि पंचवटीतल्या मावशीकडे अजून जुना डीव्हीडी प्लेअरच, मग काय करणार. आधी एक क्लिअर करतो, डीव्हीडीत पाल (PAL, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) फॉरमॅटला ७२० बाय ५७६ पिक्सेलच्या वर जाताच येत नाही, म्हणजे एचडी तशीच्या तशी राहणार नाही, आपण फक्त आणखी खराब होऊ द्यायची नाही. व्हॉट्सॅपवर आलेली फाईल अजिबात घेऊ नका, ती आधीच दाबलेली असते, फोटोग्राफरकडून पेनड्राइव्हवर ओरिजिनल मागा.

डीव्हीडी बनवायचं डीव्हीडीस्टाइलर हे सॉफ्टवेअर फ्री आहे, चालतं मस्त. त्यात पाल, १६:९ (रुंद स्क्रीन), आणि सेकंदाला २५ फ्रेम निवडा. खरा खेळ बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा त्याचा, तो एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट) मोजतात. ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराचा व्हिडिओ ८ एमबीपीएसने आरामात बसतो, दोन तास कोंबले की ५ च्या खाली यावं लागतं आणि मग हळदीत नाचणारी मंडळी चौकोन चौकोन दिसायला लागतात, त्यापेक्षा सरळ दोन डिस्क करा ना! बर्न करताना स्पीड ४एक्स किंवा ८एक्स, जुने प्लेअर नखरे कमी करतात. एचडी फाईल मात्र डिलीट करू नका हां.