लेहला पहिल्याच रात्री बाटली उघडणाऱ्यांनो, या चुका टाळा

विमानातून उतरल्यावर "मला तर काहीच होत नाहीये" म्हणणारा एक गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. संध्याकाळी चकणा त्याच्याच खोलीत फुटतो.

लेह ३,५०० मीटरवर, म्हणजे साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश. मानेतल्या धमन्यांलगतच्या चिमुकल्या कॅरोटिड बॉडी हा तुटवडा ओळखतात आणि मेंदू श्वास वाढवतो. पहिल्या दिवसांत सगळी भिस्त याच्यावर, आणि दारू नेमकं हेच दाबते. झोपेत तर जास्तच, कारण उंचीवर झोपेतला श्वास मुळातच थांबत-थांबत चालतो. त्यामुळे "झोप येत नाही, दोन पेग मारतो" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

त्याहून वाईट, उंचीच्या त्रासाला हँगओव्हर समजणं. डोकेदुखी, मळमळ, गळाठा: दोन्हीकडे तेच. मी नेलेल्या एका ग्रुपमधले पन्नाशीचे काका दोन रात्री रम प्यायले. सकाळी डोकं ठणकत होतं, मित्रांनी लिंबूपाणी पाजलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीत चढताना काकांचा तोल गेला. फरशीच्या रेघेवर टाचेला बोटं लावून चालायला सांगितलं, तर दोन पावलांत कलले. मित्र हसत होते, "अजून उतरली नाही!" रात्रीची दारू दुपारी तीनला पाय लटपटवत नाही हो, मेंदूला सूज आली होती. हॉस्पिटल, ऑक्सिजन, इंजेक्शनं आणि पहाटेच्या विमानानं खाली. मित्रांना हळहळ कशाची, तर पँगाँग तलाव हुकल्याची.

तेव्हापासून लेहमधली डोकेदुखी मी उंचीचीच धरतो. ती थांबेपर्यंत वर जायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं.

रमनं ऊब येते? रक्त कातडीकडे धावतं, ऊब बाहेर जाते.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घेतलंय म्हणून चालतं? गोळी श्वास वाढवणार, तुम्ही दाबणार.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ८८ दाखवतोय? तो जागेपणीचा आकडा, झोपेतला नाही.

"जवान पितातच की!" लष्करात ९,००० ते १२,००० फुटांवर नुसतं रुळायला सहा दिवस देतात. लेह त्याच पट्ट्यात येतं, आणि आपल्या लोकांची अख्खी सहलच सहा रात्रींची असते.

माझ्या ग्रुपमध्ये पहिले तीन दिवस बंद, पँगाँगला अजिबात नाही. सगळं फिरून लेहला परतल्यावर शेवटच्या रात्री एखादी बियर घ्यायची तर घ्या, मी अडवत नाही.